दुकान नावाचं फोल्डर

आमचं किराणा दुकान चौसाळ्यात, हायवेला तोंड करून. त्याच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास. खाली अप्पा, म्हणजे माझे वडील, गूळ-शेंगदाणे तोलायचे आणि वर मी सी भाषा शिकवायचो. लाल मिरच्यांची पोती उतरली की माडीवरचा अख्खा वर्ग एकदम शिंकायचा. औरंगाबादला इंजिनिअरिंग करून मी गावी परत आलो होतो. पुण्यात करमलं नाही, असं घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे पुण्यात कुणी नोकरी दिली नव्हती. पण अप्पांनी कधी खोदून विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

बाजार खुला झाल्याची ती वर्षं. रस्त्याच्या कडेला एसटीडीचे पिवळे बूथ उगवले होते, घराघरावर केबलच्या वायरी लोंबत होत्या आणि ज्याला त्याला पोरगा कॉम्प्युटर शिकलेला पाहिजे होता. माझ्याकडे चार यंत्रं होती. तीन जुनी, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आणलेली, पिवळी पडलेली. चौथं नवं. त्याला सीडी ड्राइव्ह होता, म्हणून आईनं त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं. जुन्यांना जुनी चादर.

अडचण कंपायलरची होती. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा शून्य-एकात उतरवून देणारा दुभाषा, तो कंपायलर. विकतचा कंपायलर जिल्ह्यात कुणी डोळ्यांनी पाहिला नसावा. सगळ्या क्लासांत एकाच चोरीच्या कंपायलरच्या नकला फिरायच्या, आणि नकलेसोबत व्हायरस. आमच्याकडे आलेल्या व्हायरसनं ऐन वर्गात पडद्यावरची अक्षरं पिकल्या बोरांसारखी टपाटपा खाली पाडली. मुलांना वाटलं, हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. एकानं तर विचारलं, "सर, हे कसं करायचं? आमाला बी शिकवा की."

त्याच सुमाराला बीडच्या स्टँडवर मी एक कॉम्प्युटर मासिक घेतलं. सोबत सीडी होती आणि सीडीवर एक फुकटचा कंपायलर. फुकट म्हणजे चोरीचा नव्हे. करणाऱ्यांनीच जगाला मोकळा सोडलेला. मी धावत घरी आलो, नव्या यंत्रावरचं क्रोशाचं झाकण काढलं आणि चालवून पाहिला. सुरेख चालला. मग फ्लॉपीवरून जुन्या यंत्रात टाकला, तर यंत्र गपकन गोठलं. दुसरं गोठलं, तिसरंही गोठलं. सीडीवरची ती तयार प्रत नव्या जातीच्या यंत्रांसाठी बनवलेली होती आणि आमच्या पिवळ्या यंत्रांना तिची भाषा पचत नव्हती.

पण त्याच सीडीवर, तयार प्रतीच्या शेजारी, त्या कंपायलरचं मूळ लिखाण होतं. सोर्स. शेकडो फाइली. म्हणजे कुणालाही तो आपल्या यंत्राजोगा पुन्हा बनवून घेता येत होता. असं काही कुणी आजवर बीड जिल्ह्यात केलं असेल असं मला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी ते करायचं ठरवलं.

आता गंमत अशी की कंपायलर हाही एक प्रोग्रामच, आणि तोही सीमध्येच लिहिलेला. तो बनवायला आधी एक कंपायलर लागतो. मी हे जेवताना आईला समजावून सांगत होतो. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "मंग त्यात लई काय? दही लावायला इरजन लागतंच की. पयलं इरजन कुनाकडनं आनलंस, तेवढं सांग."

"सीडीवरनं."

"मंग त्या दह्याचं पुन्ना दही लाव. पयलं जरा गुळमट होतंय."

मी भाकरीचा घास हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिलो. कारण सोर्ससोबतच्या सूचनांमध्ये नेमकं हेच लिहिलं होतं. सीडीवरच्या कंपायलरनं पहिला बनवायचा, त्या पहिल्यानं दुसरा, दुसऱ्यानं तिसरा. आणि दुसरा-तिसरा अगदी हुबेहूब निघाले, तरच काम बरोबर झालं समजायचं.

काम मांडताना यंत्रानं विचारलं, हा कंपायलर राहणार कुठं? नव्या यंत्राच्या डिस्कवर अप्पांच्या मालाची यादी ठेवलेलं 'DUKAN' नावाचं एक फोल्डर आधीपासून होतं. मी म्हटलं, तिथंच राहू दे. टाइप केलं आणि विसरून गेलो.

पुढचे पाच दिवस लाइटीशी झटापट. वीज सकाळी यायची, दुपारी जायची, कधी आलीच नाही तर त्याचं कारण विचारायची पद्धत नव्हती. बॅटरीचा डबा दहा मिनिटं तग धरायचा. बरं, एखादी फाइल अर्धी बनत असताना लाइट गेली की ती फाइल नासायची; कुठली नासली ते शोधायचं, पुसायची, पुन्हा तिथून पुढे. क्लासच्या मुलांना मी सुट्टी दिली होती, तरी ती येऊन बसायची आणि पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी क्रिकेटच्या मॅचसारख्या बघायची. अप्पा रोज दुपारी पायऱ्या चढून वर यायचे, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली, आणि दारातूनच विचारायचे, "शिजलं का?"

"न्हाई अजून."

"दाळ बी बदलून बघ," असं म्हणून खाली जायचे. माझं काम हे त्यांच्या लेखी काम नव्हतं. गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायचे, पोरगं वर हाय. वर काय करतं, ते नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दुसरा आणि तिसरा ताडून पाहिले. एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. मी ती प्रत जुन्या पिवळ्या यंत्रात टाकली आणि चार ओळींचा प्रोग्राम दिला. यंत्रानं बराच वेळ विचार केला आणि पडद्यावर शब्द उमटला: नमस्कार. रोमन अक्षरांत, पण नमस्कार. मुलांनी असा कल्ला केला की खालून अप्पांनी काठीनं छताच्या फळ्या ठोकल्या.

असा कंपायलर झाल्यावर तो एकट्यानं वापरण्यात काही मजा नव्हती. उमापूर, केज, नांदूरघाट अशा गावांतल्या क्लासवाल्यांची आणि माझी ओळख होती. सगळ्यांचीच यंत्रं पिवळी, सगळ्यांचीच अक्षरं गळत होती. त्यांना पाठवायचं ठरवलं. दाबून दाबून कंपायलर चार फ्लॉप्यांत बसला. पण त्याच्यासोबत एक परवाना होता, म्हणजे लायसन्स, आणि ते वाचल्याशिवाय वाटावं असं मला वाटेना. अप्पा म्हणाले, मराठीत सांग. गल्ल्यावर बसून मी त्यांना ते ओळीओळीनं सांगितलं. वापरा, वाटा, वाटलं तर विका, वाटलं तर बदला. मात्र ज्याला द्याल त्याला मूळ लिखाणही द्या, आणि तुम्हाला मिळाली तेवढीच मोकळीक त्यालाही द्या.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे लोनच्याच्या बरनीसंगं कृती बी द्यायची?"

"हो."

"आन् त्यानं ते लोनचं घालून शेजारी दुकान टाकलं तर?"

"टाकू द्यायचं."

"ज्यानं हे लिवलंय त्याचा बाप दुकानदार नसनार," अप्पा म्हणाले. पण पुढं कसलीही हमी दिलेली नाही, असं सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं कलम आलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "हे बराबर हाय! हे आपल्यासारखं हाय." आणि त्यांनी मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं, जिथं 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लटकत होती.

मूळ लिखाण नऊ फ्लॉप्या भरत होतं. प्रत्येकाला तेरा फ्लॉप्या देणं मला झेपणार नव्हतं. परवान्यात वाट होती; मागेल त्याला देऊ, असं लिहून दिलं तरी चालत होतं. तो कागद अप्पांनी लिहिला. मी सांगितलेला कायदेशीर मजकूर त्यांना पटला नाही. त्यांनी बोरू असल्यासारखा बॉलपेन धरून लिहिलं: 'मूळ हवे असल्यास नऊ कोऱ्या फ्लॉप्या घेऊन दुकानी यावे. भरून मिळतील. चहा मिळेल.'

मग त्यांनी माझी बांधणी पाहिली. मी चार फ्लॉप्या रबरबँड लावून वर्तमानपत्रात गुंडाळल्या होत्या. त्यांना ते बघवेना. "आरं हे काय भजे हायत का?" त्यांनी सगळं सोडलं. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापला, फ्लॉप्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवीचं तोंड चिकटवलं, का तर सादळू नये. वर दोन्हीकडून पुठ्ठा, वर खाकी कागद, आणि त्यावर सुतळीची अशी काही गाठ मारली की एक टोक ओढलं की सुटावी, दुसरं ओढलं तर आवळावी. सुटायच्या टोकावर त्यांनी हळदीचा ठिपका लावला. मी चाळीस वर्षं पुड्या बांधतोय, हे ते बोलले नाहीत, पण पुडकं माझ्या हातात ठेवताना त्यांनी ते थोडं उंचावरून ठेवलं.

पहिलं पुडकं उमापूरला गेलं. तिथं एक मॅडम टायपिंग आणि कॉम्प्युटर असा जोड क्लास चालवायच्या. फटकळ बाई. तिसऱ्या दिवशी दुकानात त्यांचा फोन आला.

"सर, तुमचं पुडकं एकदम भारी हाय."

"आणि कंपायलर?"

"ते चालत न्हाई. पन सुतळीची गाठ कशी मारली तेवढं सांगा."

माझ्याकडच्या यंत्रांवर तो बिनतक्रार चालत होता. मी सकाळची बस धरून बीडमार्गे गेवराई आणि तिथून उमापूर गाठलं. मॅडमनी यंत्र चालू केलं. कंपायलर सुरू झाला आणि लगेच कुरकुरला. काय कुरकुरतोय ते मी वाचलं. तो म्हणत होता, माझं सामान सी ड्राइव्हवरच्या DUKAN मध्ये असतं, ते कुठंय?

बनवताना मी दिलेला पत्ता त्याच्या हाडांत जाऊन बसला होता. माझ्या यंत्रांवर मी सगळीकडं तसंच फोल्डर केलं होतं, म्हणून मला कधी कळलंच नाही. मी गुपचूप त्यांच्या यंत्रावर DUKAN नावाचं फोल्डर केलं, चारी फ्लॉप्या त्यात ओतल्या. चालला.

मॅडम मागं उभ्याच होत्या. "हे दुकान म्हंजे काय सर?"

खोटं बोलायचा मोह झाला होता. पण मी सांगून टाकलं, "आमचं किराणा दुकान."

त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली टाइपरायटरं थांबली. हसून झाल्यावर म्हणाल्या, "राहू द्या तसंच. बदलू नका. निदान आमाला माल कुठनं आला ते तरी कळंल."

बदलायचं म्हणजे पुन्हा पाच दिवस लाइटीशी झोंबी. मी बदललं नाही. कागदावर अप्पांच्या अक्षरात एक ओळ वाढली: 'प्रथम सी ड्राइव्हवर DUKAN करावे.' वर्षभरात जिल्ह्यातल्या किती यंत्रांवर आमचं दुकान निघालं ते सांगता येणार नाही. कागद हातोहात हरवायचा आणि फोल्डर तेवढं उरायचं, त्यामुळं लोकांना ते काहीतरी तांत्रिक प्रकरण वाटू लागलं. केजच्या एका मुलाला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे डुकान काय आहे? त्यानं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "सर, डिस्क युटिलिटी किट अँड नेटवर्क." परीक्षकांनी मान डोलावली म्हणे. अप्पांना ही गोष्ट सांगितली तर ते दोन दिवस गिऱ्हाइकांना विचारत होते, "काय देऊ युटिलिटीतनं?"

हे असं मजेत चाललं असताना उमापूरच्या मॅडमचाच पुन्हा फोन आला. त्या प्रिंटरची रिबीन आणायला बीडला गेल्या होत्या, तिथल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात त्यांना एक रंगीत खोकं दिसलं. 'सुपर सी, खास मराठवाड्यासाठी'. आत चार फ्लॉप्या. खोक्याच्या मागं सूचना छापलेल्या आणि पहिलीच सूचना, सी ड्राइव्हवर DUKAN करावे.

मला संताप आला. त्यातही खोटेपणा होताच, कारण कंपायलर मी लिहिला नव्हता. जगातल्या कुणी कुणी लिहिला होता, मी फक्त रांधला होता. पण खोक्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव, हे काही मला सोसेना. मी अप्पांना सांगितलं. वाटलं, ते म्हणतील, मी सांगितलं नव्हतं का? पण त्यांनी फक्त त्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची टोपी घातली, कपाटातून नऊ फ्लॉप्यांचं एक पुडकं काढलं, आईला दुकानावर बसवलं आणि म्हणाले, "चल."

बीडच्या त्या दुकानात काचेचं दार होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, केस चापून बसवलेला. अप्पांनी मला दाराशीच थांबायची खूण केली आणि स्वतः काउंटरवर गेले, धोतराचा सोगा सावरत.

"ते सुपर काय म्हंत्यात, ते दाखवा."

त्यानं खोकं पुढं केलं. "नातवाला पाहिजे का काका? एक नंबर माल हाय. आमच्या इंजिनिअरनं बनवलाय."

अप्पांनी खोकं उलटसुलट केलं, हलवून पाहिलं, कोपरे दाबून पाहिले. "पुठ्ठा हलका हाय. ह्याच्यात मूळ हाय का?"

"कसलं मूळ?"

"ज्याच्यापासून हे झालं ते."

"तसलं काय नसतंय काका त्यात."

"बरं. आन् हे दुकान नावाचं फोल्डर कावून करायला लावता? तुमच्या दुकानाचं नाव तर वेगळं दिसतंय भाईर."

"ते टेक्निकल असतंय. तुमाला न्हाई कळायचं."

"टेक्निकल न्हाई," अप्पा शांतपणे म्हणाले. "किराणा हाय."

दुकानदारानं वर बघितलं. अप्पांनी दाराकडं, माझ्याकडं बोट केलं. "त्यो माझा मुलगा. त्यानं पाच दिवस बसून हे शिजवलंय, आमच्या माडीवर. मी सवता बघितलंय." एवढ्या वर्षांत, मी वर काय करतो ते अप्पांनी कुणाला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी काचेच्या दाराच्या मुठीशी उगाच चाळा करत राहिलो.

दुकानदाराचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आता आरडाओरडा होणार, माणसं जमणार. मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी थोडासा तयारीतही होतो. पण अप्पांनी पिशवीतून पुडकं काढून काउंटरवर ठेवलं.

"विका. इकायला मुभा हाय, कागदात तसं लिवलंय. आमची काय बी तक्रार न्हाई. पन माणसानं मूळ मागितलं तर द्यावं लागतंय. हे घ्या मूळ. आन् परवाना आन् मी लिवलेला चिटोरा काढून टाकला तुमी, ते परत घाला. माणसाला कळू तरी द्या की त्याला काय काय करायची मोकळीक हाय." खोक्याचा कोपरा पुन्हा दाबून ते म्हणाले, "आन् पुठ्ठा जाड वापरा."

तो माणूस काही वाईट नव्हता. त्यानं आधी हात जोडले, मग चहा मागवला, मग हळूच विचारलं की ही सुतळी कशी सोडायची. अप्पांनी हळदीचा ठिपका दाखवला. परत येताना बसमध्ये अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. वाटेवरचं पाली गाव मागं पडल्यावर एवढंच म्हणाले, "पाच का सहा दिवस लागलते रे?"

"पाच."

"मी पाचच म्हनलो ना?"

"हो."

बीडवाल्यानं शब्द पाळला. खोक्यात अप्पांची चिठ्ठी परत आली, आमच्या पत्त्यासकट आणि अगदी चहासकट. आणि त्या चिठ्ठीपायी एका दुपारी नांदूरघाटचे एक निवृत्त गुरुजी नऊ कोऱ्या फ्लॉप्या घेऊन दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. तोवर कुणीही मूळ मागितलं नव्हतं. अप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी गिऱ्हाईक सोडून आधी चहा सांगितला.

गुरुजींनी आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं होतं. निवृत्तीनंतर काहीतरी नवं शिकावं म्हणून गावातल्या क्लासात सी शिकायला बसले होते. आणि त्यांची तक्रार होती. "हा कंपायलर चूक दाखवतो ती इंग्रजीत. ठीक आहे. पण ज्या सुरात दाखवतो तो सूर मला पसंत नाही. मूळ दिलंत तर मी त्याची भाषा सुधारू शकेन का?"

"परवान्यात तसं लिहिलंय," मी म्हणालो.

"मग भरून द्या."

दोन महिन्यांनी ते परत आले. पडद्यावर देवनागरी उमटणं तेव्हा आमच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून त्यांनी चुकांचे सगळे निरोप रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहिले होते. मूळ प्रोग्रामच्या रचनेला धक्का न लावता, फक्त अवतरणचिन्हांतला मजकूर बदलून. एका महिरपी कंसाअलीकडं वाक्यरचना बिघडली, असं जिथं इंग्रजीत यायचं तिथं आता यायचं, 'महिरपीच्या आधी व्याकरण चुकले.' सीमध्ये कुठलाही शब्द वापरण्याआधी त्याची ओळख द्यावी लागते; ती न देता वापरला की, 'हा कोण? ओळख करून दिलेली नाही.' आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा आला तर कंपायलर एकदाच सांगतो, त्यासाठी त्यांनी लिहिलं होतं, 'हे पुन्हा सांगितले जाणार नाही.' शाळेतला आवाज जसाच्या तसा.

अप्पांना सगळं वाचून दाखवलं. 'हा कोण?' त्यांना फार आवडलं. फक्त ते म्हणाले, "गुरुजी, 'ह्यो कोन' करा की. गिऱ्हाईक आपलंच हाय."

"प्रमाण भाषेत राहू द्या," गुरुजी म्हणाले.

"आवो, चूक दाखवायचीच तर घरच्या भाषेत दाखवा. कमी लागती."

"उलट जास्त लागते," गुरुजी म्हणाले, आणि दोघं तासभर ह्यावर भांडले. शेवटी दोन प्रती करायच्या ठरल्या, एक प्रमाण आणि एक बोली. लायसन्समध्ये त्यालाही अडकाठी नव्हती. पुन्हा लाइट, पुन्हा अर्ध्यात नासलेल्या फाइली. या वेळी आठ दिवस. अप्पा रोज वर यायचे, पण आता दारात न थांबता खुर्ची ओढून बसायचे आणि ओळी सरकताना बघायचे.

या दोन प्रती फार लांब गेल्या नाहीत. थोड्याच काळात जुनी यंत्रं भंगारात निघाली, नव्यांवर नवे कंपायलर आले, आणि पुढं मी क्लासही बंद केला. बोली प्रत एकट्या उमापूरच्या मॅडमनी मागून घेतली. त्यांच्याकडं ती शेवटपर्यंत होती असं ऐकलं.

पण पहिल्यांदा ती चालली त्या दिवशी आम्ही सगळे माडीवर जमलो होतो. आईलाही अप्पांनी बोलावून घेतलं. मी मुद्दाम चुकीचा प्रोग्राम दिला. 'भाव' नावाचा शब्द ओळख न देताच वापरला. यंत्रानं विचार केला आणि पडद्यावर ओळ आली. आईला रोमन अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून गुरुजींनी मोठ्यानं, वर्गात वाचावं तसं वाचलं: "भाव, ह्यो कोन? वळख करून दिल्याली न्हाई."

आईनं पदर सावरला आणि आमच्याकडं असं बघितलं, जणू विचारत होती की एवढी शिकलेली माणसं हातावर हात धरून का उभी आहेत.

"मंग द्या की करून," ती म्हणाली.

गुरुजींनी खिशातून पेन काढून ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढच्या प्रतीत घालायचं का, यावर त्यांचा आणि अप्पांचा पुन्हा वाद जुंपला. मी चहा सांगायला खाली गेलो.